कोण कुणाच्या तालमीत? फॉर्म्युला वनच्या टीम आणि ड्रायव्हरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शर्यतीच्या रविवारी संध्याकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपचं शटर अर्धं वर असतं. आत लेथवर ताडपत्री, भिंतीवर पांढरी चादर आणि उधारीवर आणलेला प्रोजेक्टर. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं होतो, आता वीस-पंचवीस जण जमतात. नवा माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा येतात आणि उत्तर देता देता आमचा ओव्हरटेक बघायचा राहतो. म्हणून एकदाच लिहून काढलं. आकडे २०२५ च्या संपलेल्या हंगामाचे आहेत. २०२६ साठी काय बदललंय ते खाली आहे.

एकूण टीम किती, ड्रायव्हर किती?

२०२५ ला दहा टीम होत्या आणि प्रत्येकीच्या दोन गाड्या, म्हणजे रविवारी ट्रॅकवर वीस गाड्या.

मॅक्लारेनमध्ये लँडो नॉरिस आणि ऑस्कर पियास्त्री. फेरारीत शार्ल लक्लेर आणि लुईस हॅमिल्टन. (आमच्याकडं निम्मे लोक अजून 'लेक्लर्क' म्हणतात, चालतंय.) मर्सिडीजमध्ये जॉर्ज रसेल आणि किमी अँटोनेली हा पोरगा. रेड बुलमध्ये मॅक्स व्हर्स्टॅपन, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीची कथा पुढच्या प्रश्नात. विल्यम्सकडं ॲलेक्स अल्बॉन आणि कार्लोस साइन्झ. ॲस्टन मार्टिनमध्ये फर्नांडो अलोन्सो आणि लान्स स्ट्रोल. यातल्या स्ट्रोलच्या वडिलांचीच टीम आहे, त्यामुळं त्याची जागा कधी रिकामी होणार हा प्रश्न विचारू नये. हासमध्ये एस्टेबान ओकॉन आणि ऑलिव्हर बेअरमन, साउबरमध्ये निको हल्केनबर्ग आणि गॅब्रिएल बोर्टोलेटो, अल्पिनमध्ये पिएर गॅस्ली. रेसिंग बुल्स ही रेड बुलचीच धाकटी टीम, तिथं इझाक हाजार कायम राहिला.

मग गुणांच्या तक्त्यात एकवीस नावं कशी?

कारण हंगाम चालू असताना दोन ठिकाणी माणसं हलली.

रेड बुलनं व्हर्स्टॅपनच्या जोडीला लियाम लॉसनला घेतलं आणि फक्त दोन शर्यतींनंतर परत धाकट्या टीममध्ये धाडलं. त्याच्या जागी जपानच्या शर्यतीपासून युकी त्सुनोदा आला. दोन शर्यती! आमच्याकडं नवा टर्नर ठेवला तरी त्याला महिनाभर जॉब बघू देतात. दुसरी अदलाबदल अल्पिनमध्ये झाली. तिथं जॅक डूहननं सहा शर्यती चालवल्या आणि सातवीपासून फ्रँको कोलापिंटो बसला. लॉसन आणि त्सुनोदा यांनी आपसात खुर्च्या बदलल्या, त्यामुळं तिथं नाव वाढलं नाही. वाढलेलं एकविसावं नाव कोलापिंटोचं.

अल्पिनला याचा फायदा काय झाला म्हणाल, तर काही नाही. टीमचे वर्षभरातले २२ गुण एकट्या गॅस्लीचे. दुसऱ्या गाडीनं, दोन ड्रायव्हर मिळून, शून्य.

म्हणजे टीम ही तालीम आणि ड्रायव्हर हा पैलवान, असं समजायचं का?

अर्धं बरोबर. कोल्हापूरच्या माणसाला हे पटकन कळतं, पण नेमकं इथंच तो फसतो.

तालमीसारखं काय आहे ते आधी. टीमला वस्ताद असतो, तो भिंतीजवळ पडद्यांसमोर हेडफोन लावून बसतो. तालमीचं नाव पैलवानापेक्षा मोठं असतं. रेड बुलचा वस्ताद ख्रिश्चन हॉर्नर २००५ पासून तिथं होता, त्याला २०२५ च्या जुलैत बाजूला केलं आणि लॉरां मेकीस आला. तरी गाडीचा रंग तोच राहिला. खेळाडू इकडून तिकडं जातात हेही आपल्या फुटबॉलसारखंच आहे. इथं केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) नोंदणी आली की यंदा पाटाकडीलचा कोण दिलबहारला गेला यावर मिरजकर तिकटीपासून शिवाजी पेठेपर्यंत चर्चा होते. हॅमिल्टन बारा हंगामांनंतर मर्सिडीज सोडून फेरारीत गेला तेव्हा जगभर हेच झालं.

आता फरक. आपल्या तालमीतले दोन पैलवान खासबागेच्या कुस्ती मैदानात एकमेकांशी लढत नाहीत. दोघांचा जोड बाहेरचा असतो. फॉर्म्युला वनमध्ये उलटं आहे. इथं पहिला जोड घरचाच. कारण साधं आहे. दहा टीमच्या दहा वेगळ्या गाड्या. साउबरवाला मॅक्लारेनवाल्याच्या मागं राहिला तर दोष गाडीचा की माणसाचा, हे कोण सांगणार? पण तुझ्या शेजारच्याकडं तीच गाडी, तेच इंजिन, तेच टायर. तो पुढं आणि तू मागं, तर मग बोलायला काही उरत नाही. लॉसनला दोन शर्यतींत काढलं ते याच मापानं.

म्हणून शर्यत बघताना पहिली नजर एक नंबरच्या गाडीवर नको. एकाच रंगाच्या दोन गाड्यांमध्ये अंतर किती आहे ते बघा. अकराव्या-बाराव्या जागेची मारामारी मग अचानक रंगायला लागते. मला विचाराल तर खेळ तिथंच आहे.

दोन वेगवेगळे तक्ते कशाला?

एक ड्रायव्हरांचा, एक टीमचा. रविवारच्या शर्यतीत पहिल्या दहांना २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १ असे गुण. सर्वांत वेगवान फेरीला मिळणारा जादा गुण २०२५ पासून बंद झाला. काही ठिकाणी शनिवारी छोटी शर्यत असते, तिला स्प्रिंट म्हणतात. तिथं पहिल्या आठांना ८ पासून १ पर्यंत. २०२५ ला २४ शर्यती आणि ६ स्प्रिंट झाल्या.

ड्रायव्हर जे कमावतो ते त्याच्या नावावर लागतं आणि तेवढंच त्या दिवशीच्या टीमच्या नावावरही. 'त्या दिवशीच्या' हा शब्द महत्त्वाचा. त्सुनोदाचे वर्षाचे ३३ गुण झाले. त्यातले ३ त्यानं रेसिंग बुल्समध्ये असताना मिळवले, ते तिथंच राहिले. उरलेले ३० रेड बुलला. म्हणून रेड बुलची बेरीज व्हर्स्टॅपनचे ४२१ आणि हे ३०, अशी ४५१ येते. रेसिंग बुल्सची हाजारचे ५१, लॉसनचे ३८ आणि त्सुनोदाचे ते ३ मिळून ९२. आमच्यातल्या एका काकांनी वहीत मांडून बघितलं तेव्हाच त्यांचा विश्वास बसला.

आता हाच आकडा दुसऱ्या बाजूनं बघा. मर्सिडीज टीमच्या तक्त्यात दुसरी आली, ४६९ गुणांवर: रसेलचे ३१९, अँटोनेलीचे १५०. रेड बुल १८ गुणांनी मागं, तिसरी. म्हणजे ज्या टीमचा ड्रायव्हर अजिंक्यपदाच्या दोन गुणांवर येऊन थांबला, ती टीम तिसरी! एकट्याच्या खांद्यावर तालीम चालत नाही. आणि बक्षिसाच्या पैशाची वाटणी टीमच्या तक्त्यावरून होते, ड्रायव्हरच्या नाही. जागा घसरली की पैसे घसरले.

टीमचं अजिंक्यपद मॅक्लारेननं सहा शर्यती बाकी असताना सिंगापूरलाच घेतलं होतं. शेवटी त्यांचे ८३३ झाले.

नॉरिस चॅम्पियन झाला तो मॉन्झामुळं, असं म्हणतात. खरं का?

या प्रश्नावर आमच्याकडं दोन खुर्च्या मोडल्यात. (एक आधीच मोडकी होती.)

शेवटचा हिशेब असा: नॉरिस ४२३, व्हर्स्टॅपन ४२१, पियास्त्री ४१०. अबू धाबीला ७ डिसेंबरला शेवटची शर्यत झाली. व्हर्स्टॅपन जिंकला, पियास्त्री दुसरा, आणि नॉरिसला तिसरा नंबर पुरेसा होता, तो त्यानं घेतला.

आता मॉन्झा, म्हणजे इटलीची शर्यत. तिथं व्हर्स्टॅपन जिंकला. त्याच्या मागं नॉरिस, मग पियास्त्री. मॅक्लारेननं टायर बदलायला आधी पियास्त्रीला बोलावलं, मग नॉरिसला. नॉरिसच्या वेळी पिटमध्ये एक चाक अडलं, वेळ गेला आणि तो बाहेर पडला तेव्हा पियास्त्री पुढं. टीमनं पियास्त्रीला रेडिओवर सांगितलं, जागा परत दे. त्यानं कुरकुर केली आणि दिली. दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५. म्हणजे ते तीन गुण नॉरिसला मिळाले नसते तर त्याचे ४२० झाले असते, आणि व्हर्स्टॅपनचे ४२१ होतेच.

कागदावर गणित बिनतोड आहे. पण मग दुसऱ्या बाजूचंही मांडायला पाहिजे. नेदरलँड्सच्या झांडवूर्टला नॉरिस दुसरा चालला होता आणि तेलाची गळती होऊन गाडी बंद पडली, १८ गुण गेले. लास व्हेगासला दुसरा येऊन बाद झाला, आणखी १८. त्या ३६ चं काय? वर्षभरातला एक प्रसंग उचलून 'यामुळंच' म्हणणं म्हणजे उसाच्या एका कांडीवरून फडाचा उतारा सांगणं.

माझं मत विचाराल तर मॅक्लारेनच्या वस्तादानं दोघांना सारखं वागवायचा हट्ट धरला आणि त्या हट्टात दोघंही जवळजवळ हरले होते. झांडवूर्टनंतर व्हर्स्टॅपन पियास्त्रीच्या १०४ गुण मागं होता. पुढच्या नऊपैकी सहा शर्यती त्यानं जिंकल्या. पूर्ण वर्षात नॉरिसच्या सात, पियास्त्रीच्या सात आणि व्हर्स्टॅपनच्या आठ. उरलेल्या दोन, कॅनडा आणि सिंगापूर, रसेलच्या. सर्वांत जास्त जिंकणारा दुसरा आला. हे पटत नसेल तर गुणांच्या नियमाशी भांडा, नॉरिसशी नाही.

लास व्हेगासला दोन्ही मॅक्लारेन बाद का झाल्या?

हा आमच्या उद्यमनगराचा प्रश्न. इथं आम्हीच मास्तर.

गाडीच्या पोटाखाली लांब फळी असते, प्लँक म्हणतात तिला. १९९४ ला आयर्टन सेनाच्या मृत्यूनंतर गाड्या जमिनीला फार घासून धावू नयेत म्हणून ती सक्तीची झाली. नवी फळी १० मिलिमीटर जाड. शर्यत संपल्यावर ठरावीक ठिकाणी माप घेतात, ते ९ च्या खाली गेलेलं चालत नाही. गाडी जेवढी खाली तेवढी हवा तिला जास्त दाबते, वळणात जास्त चिकटते. म्हणून प्रत्येक टीम ती शक्य तितकी खाली बसवते आणि देवावर भरवसा ठेवते.

नॉरिसच्या गाडीचं माप आलं ८.८८ आणि ८.९३. पियास्त्रीच्या गाडीचं एका ठिकाणी ८.७४. म्हणजे नॉरिसच्या बाबतीत फरक ०.१२ मिलिमीटर, पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कमी. दुसरा आणि चौथा नंबर, दोन्ही रद्द. त्या रात्री एका पोरानं विचारलं, एवढ्याशासाठी? तेव्हा आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी खिशातनं मायक्रोमीटर काढला आणि त्याच्यासमोर धरला. इथल्या कितीतरी कारखान्यांतून गाड्यांचे सुटे भाग जातात. ड्रॉइंगवर जे माप आहे त्यात बसलं नाही तर जॉब रिजेक्ट. 'एवढंसं' असं काही नसतं. मिस्त्री नंतर एवढंच म्हणाले, "ह्यांचा इन्स्पेक्टर आपल्यापेक्षा बरा, निदान त्याच दिवशी सांगतो."

२०२५ ला हे पहिल्यांदा झालं नव्हतं. चीनमध्ये हॅमिल्टनची फळी झिजली म्हणून बाद, आणि त्याच शर्यतीत लक्लेरची गाडी एक किलोनं हलकी भरली, ८०० ऐवजी ७९९. म्हणून तोही बाद. एकाच दिवशी फेरारीचे दोघं, दोन वेगवेगळ्या कारणांनी. फेरारीचा चाहता व्हायचं असेल तर काळीज घट्ट पाहिजे.

हॅमिल्टननं फेरारीत जाऊन काय मिळवलं?

शांघायची एक स्प्रिंट. रविवारच्या एकाही शर्यतीत तो पहिल्या तिघांत आला नाही, आणि त्याच्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच झालं. सात अजिंक्यपदं, १०५ विजय नावावर असलेला माणूस. लक्लेरचे २४२ गुण, त्याचे १५६. वर तालमीचं जे सांगितलं ते इथं लावून बघा. बाकी काही बोलवत नाही.

एकाच टीमच्या दोन्ही गाड्या सारख्या दिसतात. ओळखायच्या कशा?

ड्रायव्हरच्या डोक्यावर इंजिनच्या तोंडाजवळ छोटा कॅमेरा बसवलेला असतो. एका गाडीचा काळा, दुसरीचा झगझगीत पिवळा. हंगामाच्या सुरुवातीला कुणाचा कोणता ते लक्षात ठेवलं की झालं. हेल्मेटचा रंगही बघा, पण हेल्मेट ते अधूनमधून बदलतात.

गाडीवरचे नंबर कोण देतं?

२०१४ पासून ड्रायव्हर स्वतः निवडतो, २ ते ९९ मधला. हॅमिल्टनचा ४४, लक्लेरचा १६, अलोन्सोचा १४, पियास्त्रीचा ८१. फक्त १ हा आकडा गतविजेत्यासाठी राखीव, त्याला हवा तर. १७ कुणालाच मिळत नाही, तो जूल्स बिआंचीच्या आठवणीत काढून ठेवलाय. नॉरिसनं ४ सोडून १ घेतला, आणि व्हर्स्टॅपन ३ वर गेला.

नव्या पोरांत कोणावर लक्ष ठेवावं?

इझाक हाजारवर. मेलबर्नला पहिल्याच शर्यतीत, शर्यत सुरू होण्याआधीच्या फेरीत, ओल्या ट्रॅकवर गाडी घसरून भिंतीला लागली. पोरगा रडत परत आला आणि वाटेत त्याला जवळ घेतलं ते हॅमिल्टनच्या वडिलांनी. त्याच पोरानं ऑगस्टमध्ये झांडवूर्टला तिसरा नंबर काढला. पदार्पणात आखाड्याबाहेर पडलेला गडी सहा महिन्यांत मानाची कुस्ती मारतो, तसंच. २०२६ साठी रेड बुलनं त्याला व्हर्स्टॅपनशेजारी बसवलंय. त्या खुर्चीवर याआधी कोणकोण बसून उठलं ते वर आलंच आहे.

अँटोनेली अठराव्या वर्षी मर्सिडीजमध्ये आला आणि कॅनडात तिसरा झाला. बेअरमननं हासमध्ये अनुभवी ओकॉनपेक्षा तीन गुण जास्त काढले, ४१ विरुद्ध ३८.

पण वर्षातला माझा आवडता क्षण पोराचा नाहीच. हल्केनबर्ग २०१० पासून या खेळात, आणि पहिल्या तिघांत कधी आलाच नव्हता. २०२५ ला सिल्व्हरस्टोनला पावसात एकोणिसाव्या जागेवरून सुटून तिसरा आला. त्याची २३९ वी शर्यत! आमच्या वर्कशॉपात त्या दिवशी जिंकलेल्या नॉरिसकडं कुणाचं लक्षच नव्हतं.

या टीम राहतात कुठं? सगळ्या इंग्लंडच्याच का?

बहुतेक. मॅक्लारेन वोकिंगला, मर्सिडीज ब्रॅकलीला, रेड बुल मिल्टन कीन्सला, विल्यम्स ग्रोव्हला, अल्पिन एन्स्टोनला आणि ॲस्टन मार्टिन तर सिल्व्हरस्टोन ट्रॅकच्या दारातच. नावात फ्रान्स किंवा जर्मनी असलं तरी कारखाना इंग्लंडात. वेगळ्या म्हणजे इटलीतल्या दोन, मारानेल्लोची फेरारी आणि फाएन्झाची रेसिंग बुल्स, आणि स्वित्झर्लंडच्या हिनविलची साउबर. हासचं मुख्य ठिकाण अमेरिकेत, पण इंग्लंडातही बिऱ्हाड आहेच.

कारण उद्यमनगरातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. महायुद्धानंतर तिथं विमानांच्या धावपट्ट्या मोकळ्या पडल्या. सिल्व्हरस्टोन ही त्यातलीच एक. पोरांनी तिथं गाड्या पळवायला सुरुवात केली, मग जवळच गाड्या दुरुस्त करणारे आले, मग सुटे भाग बनवणारे. एकदा असं जाळं विणलं गेलं की नवा माणूस दुसरीकडं दुकान कशाला टाकेल? आपल्याकडं पॅटर्न एका गल्लीत, कास्टिंग शिरोलीला, मशीनिंग तिसऱ्याकडं आणि रात्री दहाला अडलं तरी ओळखीचा कुणीतरी शटर उघडून देतो. तेच तिथं, फक्त कार्बन फायबरमध्ये.

ज्याच्याकडं पैसा तोच जिंकणार, नाही का?

पूर्वी हो. २०२१ पासून टीमच्या खर्चाला मर्यादा आली, सुरुवातीला वर्षाला १४.५ कोटी डॉलर. त्यात ड्रायव्हरचा पगार धरत नाहीत. शिवाय तक्त्यात वर असलेल्या टीमला हवेच्या बोगद्यात गाडी तपासायला कमी वेळ मिळतो आणि खालच्या टीमला जास्त. मॅक्लारेन २०२३ च्या सुरुवातीला तळाशी धडपडत होती, २०२४ ला टीमचं अजिंक्यपद घेतलं.

यात आपला भारतीय कुणी आहे का?

२०२५ च्या एकवीस जणांत नाही. आजवर दोघांनी शर्यती चालवल्या: नारायण कार्तिकेयन २००५ ला जॉर्डन टीममध्ये आणि नंतर २०११-१२ ला एचआरटीत, आणि करुण चंढोक २०१० ला एचआरटीत, पुढच्या वर्षी लोटसमध्ये एक शर्यत.

टीम मात्र आपली होती, फोर्स इंडिया, २००८ ते २०१८. २००९ ला स्पा इथं जियानकार्लो फिसिकेला पोलवरून, म्हणजे सगळ्यांत पुढच्या जागेवरून, सुटून दुसरा आला. २०१६ आणि २०१७ ला टीम चौथी आली. आणि आता गंमत ऐका. कार्तिकेयन ज्या जॉर्डनमध्ये होता तीच टीम विकत विकत पुढं मिडलंड, मग स्पायकर, मग फोर्स इंडिया, मग रेसिंग पॉइंट आणि २०२१ पासून ॲस्टन मार्टिन झाली. दुकान तेच, पाटी बदलत गेली.

शर्यतही झाली, २०११ ते २०१३, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. तिन्ही सेबास्टियन फेटेलनं जिंकल्या. मग करमणूक कराच्या भांडणात ती गुंडाळली गेली.

सध्या उंबरठ्यावर कुश मैनी आहे, बंगळुरूचा. फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे एक पायरी खाली, २०२५ ला मोनाकोची स्प्रिंट त्यानं जिंकली. आणि २०२६ ला रेसिंग बुल्समध्ये आलेला अर्विद लिंडब्लाड ब्रिटिश ड्रायव्हर असला तरी आईकडून भारतीय वंशाचा आहे. आमच्यातल्या काहींनी त्याला आत्ताच आपला म्हणून टाकलंय.

आणि कोल्हापूरचं?

हसू नका, कोल्हापूर या बाबतीत मागं नाही. हुपरीच्या बाजूला मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंगचा (छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींचा) ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथं झाल्यात. कृष्णराज महाडिक २०१८ ला ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत डबल आर रेसिंगकडून उतरला होता. पुण्या-मुंबईची पोरं सरावाला इकडं येतात, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

घरात पोरगं किंवा पोरगी हट्ट धरत असेल तर वाट अशी: आधी कार्ट, पंधरा वर्षं झाली की फॉर्म्युला फोर, मग थ्री, मग टू. फॉर्म्युला वनला सुपर लायसन्स लागतं. त्यासाठी वय सहसा १८ पूर्ण पाहिजे आणि आधीच्या तीन वर्षांत खालच्या मालिकांतून ४० गुण गोळा केलेले पाहिजेत. व्हर्स्टॅपन २०१५ ला सतराव्या वर्षी आला, त्यानंतरच वयाचा हा नियम कडक झाला. खर्चाचं विचारू नका. ऊस विकून भागण्यातला नाही.

२०२६ ला काय बदलतंय?

जवळजवळ सगळं. अकरावी टीम आली, कॅडिलॅक, आणि तिनं सर्जिओ पेरेझ आणि वाल्टेरी बोटास हे दोन जुने मल्ल घेतले. इंजिन फेरारीचं. २०१६ नंतर पहिल्यांदाच बावीस गाड्या. साउबरवर आता ऑडीची पाटी, ड्रायव्हर तेच. होंडाचं इंजिन रेड बुलकडून ॲस्टन मार्टिनकडं गेलं. रेड बुल फोर्डच्या साथीनं स्वतःचं बनवतंय. अल्पिननं रेनोचं इंजिन बंद करून मर्सिडीजचं घेतलं. रेसिंग बुल्समध्ये लॉसनच्या जोडीला लिंडब्लाड. त्सुनोदाची जागा गेली, तो राखीव.

गाड्या लहान आणि हलक्या. ताकदीतला जवळपास निम्मा वाटा आता विजेचा. त्यामुळं २०२५ चा तक्ता बघून २०२६ वर पैज लावू नका. असे मोठे बदल आले की पत्ते नव्यानं पिसले जातात. २०१४ ला मर्सिडीज अशीच सगळ्यांच्या पुढं निघून गेली होती.

त्यांच्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असतं का?

२०२२ ते २०२५ दहा टक्के होतं. आपल्या पंपावर वीस टक्के. साखर कारखान्याच्या सभासदांनी छाती फुगवायला हरकत नाही. २०२६ पासून त्यांचं सगळंच इंधन बिगर-खनिज, टिकाऊ स्रोतातलं.

किती वाजता आणि कुठं बघायचं?

भारतात २०२४ पासून फॅनकोडवर दिसतं. युरोपातल्या शर्यती बहुतेक संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे रविवारचं मटण पचलेलं असतं. अमेरिकेतल्या मध्यरात्री किंवा पहाटे. त्या आम्ही आपापल्या घरी मोबाइलवर, आवाज बंद करून बघतो. २०२६ च्या हंगामाची पहिली शर्यत मेलबर्नला, ८ मार्चला, आपल्याकडं सकाळी साडेनऊला. त्या दिवशी शटर नऊलाच उघडेल. मिसळ आमची, पाव येताना तुम्ही आणा.